अख्खी नदी

बाईंच्या घरात भाड्याने राहायचं तर रविवारी आंघोळ करायची नाही, ही एकच अट होती. मांसमच्छी खाता का, पाहुणे किती येतात, लग्न कधी करणार, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. मी नगरकडून निघून, नाशिकला एसटी बदलून मोखाड्याला उतरले होते. नोकरी नवी, तालुका नवा, अंग घामाने चिकट झालेलं. आणि ओट्यावर उभी असलेली ही उंच, काटकुळी बाई मला सांगत होती, “सोमवार ते शनिवार न्हाणीघर तुमचं. रविवारी माझं. आतून कडी असली की घराला आग लागली तरी दार वाजवायचं नाही.”

मला वाटलं, काहीतरी कडक व्रत असावं.

पहिल्याच रविवारी उलगडा झाला. न्हाणीघराच्या झरोक्याला काळं कापड ठोकलेलं, दाराखाली गोणपाट कोंबलेलं, तरी एका फटीतून लाल उजेडाची रेघ बाहेर आलेली. घरभर आंबूस वास. दुपारी बाई कडी काढून बाहेर आल्या त्या घामाने निथळत. हातात ओल्या कागदांचा ट्रे होता. परसातल्या दोरीवर माणूस पोलकी-टॉवेल वाळत घालतो तशा त्यांनी चिमटे लावून नद्या वाळत घातल्या. काळ्यापांढऱ्या नद्या. कातळावरून घसरणाऱ्या, डोहात साकळलेल्या, उन्हाळ्यात नुसता दगडगोट्यांचा पट्टा होऊन पडलेल्या. एकाही फोटोत माणूस नव्हतं.

ज्या आश्रमशाळेत मी मराठी शिकवायला आले होते तिथे बाई भूगोल शिकवत. मूळच्या त्या जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या. घरची भात-नाचणीची शेती, त्यांच्या पिढीत शिकून नोकरीला लागलेली त्या एकट्याच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्याला त्या म्हणत, “रविवार मोकळा लागतो मला.”

जव्हारच्या एका स्टुडिओवाल्याने धंदा गुंडाळला तेव्हा त्याचं फोटो मोठे करायचं यंत्र बाईंनी जीपच्या टपावर बांधून आणलं होतं. आळीतल्या लोकांना वाटलं, शिवणयंत्र आणलं. दोघीतिघी ब्लाउज शिवायला टाकायलाही आल्या. मग न्हाणीघरातला लाल दिवा लोकांच्या नजरेत भरला आणि कुजबुज सुरू झाली. पलीकडच्या घरातल्या कारकुनाने एकदा खालच्या आवाजात विचारलं, “बाई, आत काही पूजाबिजा करता का?”

“भुतं उतरवते,” बाई म्हणाल्या. “कागदावर. तुमचं कुणी असलं तर घेऊन या.”

त्यानंतर तो कारकून रविवारी घराची मागची बाजू टाळून जाऊ लागला.

फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात फिल्मचे रोल असत. त्या फ्रीजात सुकट ठेवायला बंदी होती. “वास लागतो रोलांना,” असं त्या म्हणत. मला ते खरं वाटलं नाही, पण वाद घालायची माझी छाती नव्हती. उन्हाळ्यात फोटो धुणं बंद. नळाला पाणी आलं तर आलं, अशा दिवसांत कागद धुवायला पाणी घालवणं त्यांना पाप वाटे. काढलेले रोल साठवून ठेवायचे आणि विहिरी भरल्या की धुवायचे. म्हणजे वैशाखातली नदी कशी आली हे त्यांना श्रावणात कळे. मोबाइलवर क्षणात फोटो दिसतो, असं शाळेतल्या कुणी म्हटलं की बाई खडू खाली ठेवून म्हणत, “क्षणात दिसतो तो क्षणात विसरतो. मला अडीच महिने आठवावं लागतं.”

शाळेतल्या लोकांशी त्यांचं फार जमत नसे. मी आले त्या वर्षी गॅदरिंगला कुणी मोठे पाहुणे यायचे होते. हेडमास्तरांनी बाईंना गाठलं. “तुमच्याकडे तो जुना चांगला कॅमेरा आहे. पाहुण्यांचे फोटो तुम्हीच काढा. मुलींचा नाचही घ्या, लुगडी-बिगडी नेसवलीत.”

“माणसांचे फोटो मी काढत नाही.”

“अहो, एक दिवस काढलेत तर काय कॅमेरा बाटेल?”

“कॅमेऱ्याचं नाही सांगत. माझं सांगते.”

हेडमास्तरांनी लेखी आदेश काढला. बाई मुकाट्याने कॅमेरा घेऊन कार्यक्रमाला आल्या. हार घातले गेले, भाषणं झाली, मुली नाचल्या. बाई मांडवाच्या पाठीमागे होत्या. पुढे फोटो धुऊन आले. शाळेच्या मागून जाणारा ओहळ, त्याच्यावर वाकलेला उंबर, पाण्यावर पडलेलं ऊन. एका फोटोच्या कोपऱ्यात मांडवाची कनात दिसत होती. हेडमास्तरांनी पाकीट टेबलावर उपडं केलं, एकेक फोटो उलटून पाहिला. पाठीमागे तरी पाहुणे असतील, अशी त्यांना आशा असावी.

“पाहुणे कुठे आहेत?”

“ते गेले ना त्याच दिवशी,” बाई म्हणाल्या. “ओहळ आहे अजून.”

त्यांची वेतनवाढ अडली. त्यांनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही, आणि पुढच्या गॅदरिंगला त्यांना कुणी विचारलं नाही.

आणखी एक खोड होती. त्यांच्या प्रत्येक फोटोला चारी बाजूंनी काळी, जराशी वेडीवाकडी कड असे. आधी मला वाटलं, धुण्यात काही चूक होते. मग कळलं, निगेटिव्ह ज्या पत्र्याच्या चौकटीत बसवतात ती बाईंनी कानस घेऊन स्वतः घासून मोठी केली होती. निगेटिव्हची कड उमटते म्हणजे आतलं तसूभरही कापलं गेलेलं नाही, हा त्यांचा पुरावा. एकदा जव्हारच्या फ्रेमवाल्याने त्यांचा एक फोटो मापात बसवायला ती कड छाटली. आम्ही दोघी घ्यायला गेलो होतो. बाईंनी फ्रेम हातात घेतली, उलटी केली, खिळे उपसले, फोटो बाहेर काढला आणि काच त्याच्या टेबलावर ठेवली.

“बाई, दोन बोटांचा तर काठ!” फ्रेमवाला म्हणाला.

“तुझी दोन बोटं छाटू?”

तो हसला. बाई हसल्या नाहीत. छाटलेल्या पट्ट्या त्याच्या कचऱ्याच्या डब्यातून वेचून, पर्समध्ये घालून त्या बाहेर पडल्या. जीपमध्ये मी म्हटलं, “कडेला काळाच तर रंग होता, बाई.” त्यावर त्यांनी पट्ट्या पर्समधून काढून एकेक सरळ केल्या. इतका राग कशाचा, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांच्याबरोबर चालायला जाणं ही एक शिक्षा होती आणि ती मी आपण होऊन भोगली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात बाजारातले हंटर बूट, खांद्यावरच्या पिशवीत कॅमेरा, नाचणीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. कॅमेरा टेकवायला बांबूच्या तीन काठ्या एकत्र बांधून केलेली तिपाई. चालताना तीच हातातली काठी. वाघ नदीच्या काठाने आम्ही वर वर जात असू. त्यांना पायवाट लागत नसे. दगडावरून दगडावर, कमरेएवढ्या गवतातून, करवंदीच्या जाळीतून. मी ओरबाडून निघे. वाटेत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडणाऱ्या बाया भेटत. त्या बाईंना सरळ ‘तू’ म्हणत. तिकडच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. तहसीलदार असो की देव असो, सगळे ‘तू’. “कठं चाललीस, फोटूवाली?” असं कुणी विचारलं की शाळेत कपाळाला आठी घालून वावरणाऱ्या बाई तोंडभर हसत.

पहिल्या खेपेला त्या एका मोठ्या डोहाशी थांबल्या. तिपाई उभी केली, कॅमेरा लावला आणि खाली बसल्या. मी वाट बघितली. भाकरी खाल्ली. पुन्हा वाट बघितली.

“काढा ना आता.”

“उजेड सपाट आहे. सपाट उजेडात नदी गटारासारखी दिसते. ढग येऊ दे.”

ढग आला नाही. चारपाच तरुण मात्र आले. रंगीत जाकिटं, पाठीवर मोठाल्या सॅक, मुंबईचे असावेत.

“काकू, इथे धबधबा आहे ना कुठेतरी? नेटवर फोटो बघितला होता.”

“आहे. वर.”

“गाडी जाते?”

“नाही.”

“मग?”

“मग नाही,” बाई म्हणाल्या.

ती मुलं एकमेकांकडे बघत परत फिरली. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. बाईंनी एकही फोटो न काढता कॅमेरा पिशवीत घातला. माझे पाय सोलले होते, डोकं तापलं होतं. “दिवस फुकट गेला,” मी म्हटलं.

“फुकट कसा? नदी बघितली की.”

मला राग आला होता, म्हणून मी बोलून गेले, “इतक्या बाया भेटल्या वाटेत. चिंबोऱ्या काढत होत्या, किती छान दिसत होत्या. एखादीला तरी येऊ द्या फोटोत. नदीवर माणसं नसतात का?”

बाई चालता चालता थांबल्या. वळून माझ्याकडे बघितलं. घरी पोचल्यावर हातपाय धुतले, चहा टाकला आणि पलंगाखालची पेटी ओढली. तळातून एक गुंडाळी काढून माझ्यापुढे पसरली. जुनं, घडीवर फाटलेलं पोस्टर होतं. सात-आठ वर्षांच्या मुलीचा चेहरा, पोस्टरभर. केस ओले, गालांना चिकटलेले, डोळ्यांत पाणी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘हिच्या डोळ्यांतली भूक तुम्हाला दिसते का?’

“ही मी,” बाई म्हणाल्या.

मी पोस्टर उजेडाकडे ओढलं.

“नोकरीला लागले त्या वर्षी कागदपत्रांसाठी एका कचेरीत गेले होते. रांगेत उभी होते. समोर भिंतीवर मीच. आधी वाटलं, आमच्या गावचीच कुणीतरी. मग कपाळावरचा हा व्रण दिसला.” त्यांनी केस मागे सारले. भुवईच्या वर बारीक पांढरी रेघ होती. “भूक कसली, हो! सकाळी आंबील प्यायले होते, वर दोन चिंबोऱ्या भाजून खाल्ल्या होत्या. आईने नदीवर डोकं धुतलं होतं. डोळ्यात शिकेकाई गेली, म्हणून रडत होते. तेवढ्यात शहरातून दोघं आले फोटो काढायला. गळ्यात कॅमेरा. एवढंच आठवतं.”

“मग कचेरीत काय केलंत?”

“टेबलावर चढून काढलं. शिपाई धावत आला, म्हणाला, ‘सरकारी भिंतीवरचं आहे, हात लावू नको.’ मी म्हटलं, ‘भिंत तुझी आहे. तोंड माझं आहे.’ आणि पुढच्या दाराने घेऊन आले.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “भुकेली म्हणाले त्याचं एवढं नाही. त्या वर्षांत आमच्याकडे पोरं उपाशी होतीच. पण नदीवर होते ना मी! आमची नदी होती, दुपार होती, अंगावर ऊन होतं. ते सगळं कापलं आणि नुसतं तोंड ठेवलं. माणूस ठेवून नदी कापणारे पुष्कळ आहेत. मी नदी ठेवते.”

पोस्टरची गुंडाळी पुन्हा पेटीत गेली. नंतर चारपाच वर्षं त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

मग एका हिवाळ्यात शाळेच्या फाटकाशी पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. खिसेच खिसे असलेलं जाकीट, कानात यंत्र, दुखरे गुडघे. बरोबर त्यांचं काम बघणारी एक तरुण मुलगी, तिच्या गळ्यात कॅमेरा. मोठे नावाजलेले फोटोग्राफर होते. आपल्या साऱ्या आयुष्यातल्या कामाचं पुस्तक काढत होते. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला आणि सगळ्यांपुढे धरला. तोच चेहरा. तेच ओले केस.

“ह्या भागात काढलेला आहे,” ते म्हणाले. “गावाचं नाव आता आठवत नाही. ही मुलगी जगली नसेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण कुणी ओळखत असेल तिच्या घरच्यांना, तर...”

खिडकीशी बसलेल्या बाईंनी मान वर केली नाही. “जगली,” त्या म्हणाल्या. “सातवीचे पेपर तपासतेय.”

म्हातारबुवा उठले. त्यांना उठायला वेळ लागला. ते बाईंच्या टेबलापाशी आले, कपाळावरच्या व्रणाकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, खरंच भरून आले होते. ते म्हणाले, देवाची कृपा. म्हणाले, तुम्हाला त्याच नदीवर पुन्हा उभं करून एक फोटो घ्यायचा आहे. ‘तेव्हा आणि आता’ अशी दोन पानं समोरासमोर.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “तेव्हाचा अख्खा फोटो कुठे आहे?”

“अख्खा म्हणजे?”

“नदीसकट.”

ते गोंधळले. “तो मासिकवाल्यांनी कापला होता. संपादकांनी. मी नव्हता कापला.”

“खाली नाव कुणाचं होतं?”

“माझं.”

“मग झालं तर.”

हेडमास्तर मध्ये पडायला बघत होते, बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. “निगेटिव्ह आहे?”

“आहे. सगळी जपून ठेवली आहेत.”

“घेऊन या. त्याच्याआधी माझ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही.”

ते आले. मला वाटलं नव्हतं येतील, पण महिन्याभरात पुन्हा ती गाडी आली, आणि आली ती रविवारी, आमच्या घरी. पाठीमागे बांबूचं कुंपण, कोंबड्या, दोरीवर नद्या. म्हातारबुवा मागच्या ओट्यावर खुर्चीत बसले आणि दोरीकडे बघत राहिले. दोन वेळा उठून जवळ जाऊन बघून आले. काहीतरी म्हणणार होते, पण बाईंनी हात पुढे केला. त्यांनी पाकीट दिलं. बाईंनी निगेटिव्हची पट्टी उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, आणि कुणाशीही न बोलता न्हाणीघराकडे चालू लागल्या. दारात थांबून मला म्हणाल्या, “या तुम्ही. ट्रे धरायला कुणीतरी हवं.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला रविवारी पहिल्यांदाच आत घेतलं. लाल उजेडात आमची न्हाणी ओळखू येईना. बाईंनी कागदावर उजेड पाडला, मग तो कोरा कागद पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात सोडला आणि ट्रेचा एक कान मला धरायला दिला. “हळू हलवा. डुचमळू देऊ नका.”

आधी काळं उमटलं. कातळ. मग त्या मुलीचे केस. मग कातळाला वळसा घालून खाली उतरणारं पाणी, आणि त्याच्यापलीकडे झाडांची रांग. कागदाच्या मधोमध ती मुलगी पोस्टरात होती त्याहून कितीतरी लहान दिसत होती. पाण्यात घोट्यापर्यंत उभी, डोळे चोळणारी, नुसती न्हायलेली एक पोर. आणि मग अगदी डाव्या कडेला, काठाला लागून, एका खडकावर उभी असलेली बाई उमटली. लुगडं खोचलेलं, तोंड उघडं, एक हात डोक्याच्या वर उचललेला.

बाईंच्या हातातला चिमटा थांबला.

“आई,” त्या म्हणाल्या.

मी ट्रे हलवायचं विसरले.

“मी होस्टेलला होते तेव्हा गेली. एक फोटो नाही तिचा. मला तोंडसुद्धा नीट...” कागद काळा पडायला लागला तशा भानावर आल्या आणि तो उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. रविवारी त्या दारावर मी ऐकलेली पहिली आणि शेवटची.

“बाई,” बाहेरून म्हातारबुवांचा आवाज आला, “झालं असेल तर निगेटिव्ह द्याल का? आम्हाला उजेडी घाट उतरायचा आहे.”

“निगेटिव्ह इथेच राहील,” बाई आतून म्हणाल्या.

“अहो, असं कसं? माझ्या आयुष्याचं काम आहे ते.”

बाईंनी औषधातून कागद काढला, पाण्यात निथळला आणि मगच कडी काढली. ओला फोटो हातावर धरून त्या उन्हात आल्या. म्हातारबुवांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी एकेरीत, डोंगरातल्या बोलीत बोलल्या. “हे बघ. ही माझी आयस. तुझ्या पेटीत किती वर्षं व्हती. तुला ठावं तरी व्हतं का?”

ते बघत राहिले. “तुमच्या आई का!” मग हळूच म्हणाले, “मला आठवतंय. आम्ही निघालो होतो. त्यांनी हात केला होता आम्हाला. निरोपाचा.”

“निगेटिव्ह मिळणार नाही.”

“ते माझ्या मालकीचं आहे, बाई. कायद्याने.”

“मग कोर्टात जा. तिथे सांग, हिच्या आईचा एकुलता एक फोटो मला परत हवाय.”

तरुण मुलीने नकळत कॅमेरा उचलला होता. उन्हात उभी राहिलेली बाई, हातावर ओला फोटो. कुणालाही मोह व्हावा असंच ते दृश्य होतं. बाईंनी मान न वळवता आपला तळवा तिच्या कॅमेऱ्यावर ठेवला. म्हातारबुवाच म्हणाले, “ठेव तो. बंद कर.” मग खुर्चीवर बसले. मी चहा केला, तो त्यांनी पुरता प्यायला. वाद पुन्हा काढला नाही. बाईंनी तोवर त्याच निगेटिव्हवरून दुसरा फोटो काढून वाळवला आणि त्यांच्या हातात दिला.

“पुस्तकात छापायचा तर हा छापा,” त्या पुन्हा शाळेतल्या मराठीवर आल्या होत्या. “काठासकट. ‘आता’चा फोटो मिळणार नाही. आता मी बरी आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही.”

ते गेले. निगेटिव्ह राहिलं. मला कित्येक दिवस वकिलाच्या नोटिशीची धास्ती होती. बाई मात्र रोज शांत झोपत.

फाल्गुनात त्या मला म्हणाल्या, “वांगणीला चला. मावशीला फोटो दाखवायचा आहे.” आईच्या पाठची ही एकच बहीण उरली होती. वावर गावापर्यंत जीपने गेलो. पुढचा रस्ता असा होता की चालणं बरं. मावशी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत बसली होती. वाकलेली, पण नजर शाबूत. बाईंनी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिने हात लुगड्याला पुसले, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बोट टेकवलं.

“ही तुझी आयस. अन् ही तू, रडकी.” मग झाडांच्या रांगेकडे बोट नेलं. “अन् मी हितं मागं व्हती. लाजली मी, नाय आली फोटूत.”

“आई हात करतेय बघ, मावशी,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. “त्या लोकांना निरोप देतेय.”

मावशीने वर बघितलं. “निरोप?”

“हात वर केलाय ना.”

“हात कसला! धोंडा हाय तिच्या हातात.”

मावशी फोटोवर बोट आपटत सांगू लागली, “तुझ्या डोळ्यात शिकेकाई गेली, तू रडं, अन् तो मेला पुढं पुढं येऊन फोटू काढं. तुझी आयस वरडली, ‘पोर रडं, अन् तू तिचा फोटू काढंस? तुझ्या घरची पोरं मेली का?’ तरी त्याचं चालूच. मंग उचलला धोंडा.”

“मारला?”

“मारला तर! त्याच्या पिशवीला लागला. पळाली दोघं जीपकडं.”

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. निगेटिव्ह तपासायचं ते छोटं भिंग त्यांनी फोटोच्या डाव्या कडेवर ठेवलं आणि अंगणात गुडघे टेकून, नाक जवळजवळ कागदाला लावून बघू लागल्या. खूप वेळ बघितलं. मग भिंग मला दिलं. वर उचललेल्या त्या मुठीत, बोटांच्या मधून, करड्या रंगाचं काहीतरी डोकावत होतं. बऱ्यापैकी मोठा गोटा होता.

बाई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, खांदे हलवत. मग मोहाच्या फुलांवर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मावशीही हसू लागली. शेजारची माणसं काय झालं म्हणून बघायला आली, तेव्हा बाईंनी फोटो वर धरून सगळ्यांना दाखवला. “माझी आयस! बघा, धोंडा मारते!”

मग माझी बदली झाली. ते पुस्तक मी पाहिलं आहे. म्हातारबुवांनी बाईंचा शब्द राखला. फोटो अख्खा छापलाय, काळ्या कडेसकट, आणि त्याच्या खाली बाईंनी सांगितलेली ओळ जशीच्या तशी आहे. ती सांगितली तेव्हा माझी बदली व्हायची होती, मी त्यांच्या शेजारीच होते. बाई भाकरी थापत होत्या, हात नाचणीच्या पिठाने भरलेले, म्हणून फोन मी त्यांच्या कानाशी धरला होता. पलीकडे म्हातारबुवांचं काम बघणारी ती तरुण मुलगी होती. पान तयार आहे, म्हणाली. खाली ‘निरोपाचा हात करणारी आई’ असं टाकलंय, ते बरोबर आहे ना, एवढंच विचारायचं होतं.

“चूक आहे,” बाई म्हणाल्या. “लिहून घ्या. ‘फोटो काढणाऱ्याला धोंडा मारणारी आई.’”

पलीकडून अडखळत प्रश्न आला, “सॉरी मॅडम... काय मारणारी?”

बाईंनी भाकरी तव्यावर टाकली, आणि मागच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात सांगितलं, “धोंडा. ध ला काना-मात्रा, डोक्यावर अनुस्वार. आणि ड ला काना.”